टॉप माउंटच मोठा घेऊ की फ्रंट माउंट घालू? (डब्ल्यूआरएक्ससाठी इंटरकूलर)

बूस्टवेडा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता इथे टाकतोच. गाडी सुबारू डब्ल्यूआरएक्स, २०१५ नंतरची व्हीए बॉडी, म्हणजे एफए२० डीआयटी, दोन लिटरचं डायरेक्ट इंजेक्शनवालं, मॅन्युअल. स्टेज १ चा ट्यून (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं फक्त सॉफ्टवेअर बदललेलं) टाकलेला आहे, बाकी टर्बो, एक्झॉस्ट सगळं कंपनीचंच. रोज पण हीच चालवतो आणि जमेल तसं ट्रॅक डेला जातो.

प्रॉब्लेम असा की पहिले एक-दोन लॅप गाडी मस्त पळते, मग हळूहळू ढिली पडायला लागते, बूस्ट (टर्बोने दिलेला दाब) गेजवर आकडा तोच दिसतो पण ओढ नाही. आणि सिग्नलला जरा वेळ उभी राहिली की त्यानंतरची पहिली पुल (पूर्ण थ्रॉटलची धाव) तर एकदम मेलेली. ट्रॅकवरचे लोक बघून सांगतात इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटरसारखा भाग) गरम होतोय, बदल. आता बदलायचा तर बॉनेटखाली आहे त्याच जागी मोठा टॉप माउंट घेऊ का सरळ बंपरमागे फ्रंट माउंटचं किट घालू? विकणाऱ्यांच्या पानांवर प्रत्येकाचा इंटरकूलर "५०० एचपी सपोर्ट" करतो, माझी गाडी त्याच्या जवळपासही नाही, मग फरक कशात बघायचा? दोनदा खर्च करायची इच्छा नाही.

निवांत

आधी एक प्रश्न. ढिली पडते तेव्हा ऑईलचं टेंपरेचर किती असतं ते बघितलंस का? आणि पेट्रोल कुठल्या ऑक्टेनचं भरतोस, ट्यून त्याच ऑक्टेनसाठी लिहिलाय ना? मी इंटरकूलरच्या विरोधात नाही पण दहातले पाच जण लक्षण बघून पार्ट मागवतात आणि रोग भलताच निघतो.

नवखी_ड्रायव्हर

रुमाल टाकून ठेवते. एक अगदी बेसिक शंका, हसू नका. माझ्या टर्बो हॅचबॅकला मी स्कॅनर लावून बघते तर इनटेक टेंपरेचर बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम ४-५ डिग्री जास्त दाखवतं. मग इंटरकूलर आधीच उत्तम काम करतोय असंच ना? एवढं गरम गरम म्हणतात ते कुठे असतं?

मीटरवाली

ताई, हसायचं काय त्यात, निम्मे लोक याच आकड्यावर फसतात. खूप गाड्यांमध्ये स्कॅनरवर जे इनटेक टेंपरेचर दिसतं ते एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरमधलं असतं, आणि एमएएफ बसतो एअर फिल्टरच्या लगेच पुढे, म्हणजे टर्बोच्या आधी. तिथे हवा अजून दाबलेलीच नाहीये, तर गरम कशी असेल? तो आकडा फक्त एवढंच सांगतो की फिल्टरच्या डब्यात इंजिन बेची गरम हवा शिरते की नाही.

इंटरकूलरबद्दल काही बोलायचं असेल तर इंटरकूलरच्या नंतरचं, म्हणजे थ्रॉटलजवळचं किंवा मॅनिफोल्डमधलं टेंपरेचर पाहिजे. काही गाड्यांत ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वेगळं देतो, लॉगरच्या यादीत "मॅनिफोल्ड" नावाने शोधा. नसेल तर थंड बाजूच्या पाइपला एक सेन्सर लावून घ्यायचा. सेन्सर उघड्या टोकाचा, पटकन रिॲक्ट होणारा घ्या, पितळी कवचातला कूलंटचा लावलात तर पुल संपेपर्यंत तो झोपलेला असतो.

धागाकर्त्याला पण हेच: आधी हा लॉग टाक, मग बोलू.

चौथा_गिअर

मीटरवालींना अनुमोदन, आणि नवखी यांच्या "गरम कुठे असतं" ला थोडं गणित.

हवा दाबली की तापते, त्यात टर्बोची चूक काही नाही, फिजिक्स आहे. आदर्श स्थितीत केल्विनमधलं तापमान दाबाच्या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताने वाढतं. बाहेर ३३ डिग्री धरा, म्हणजे ३०६ केल्विन, बूस्ट १.१ बार, म्हणजे समुद्रसपाटीला गुणोत्तर साधारण २.१. वाढ येते ७२ डिग्री. पण कुठलाच कंप्रेसर आदर्श नसतो, ७० टक्के एफिशियन्सी धरली तर ७२ भागिले ०.७, म्हणजे १०३. थोडक्यात टर्बोतून हवा बाहेर येते ती १३६ डिग्रीला! ही हवा तशीच सिलेंडरमध्ये घातली तर नॉक (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) होणार, ईसीयू टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे खेचणार, आणि तुला जी "बूस्ट आहे पण ओढ नाही" वाटते ती हीच.

आता इंटरकूलर. त्याचा इफेक्टिव्हनेस म्हणजे या १०३ डिग्रीपैकी तो किती काढून घेतो. ६५ टक्के काढले तर हवा ६९ डिग्रीला पोचते, ८० टक्के काढले तर ५४ ला. १५ डिग्रीचा फरक, घनतेत मोजला तर सुमारे ५ टक्के जास्त हवा. हे झालं चांगलं.

वाईट असं की इंटरकूलरच्या आत हवेला अडथळा पण होतो. आतल्या फिन (पातळ पत्र्या) जितक्या दाट तितकी थंड छान करतो पण दाब तितकाच खातो. समज नवीन कोअरने (इंटरकूलरच्या मधल्या जाळीने) जुन्यापेक्षा ०.१ बार जास्त खाल्ला. आपला एकूण दाब २.१ बार, त्यातले ०.१ गेले म्हणजे पुन्हा ५ टक्केच! थंड करून कमावलं ते दाबात घालवलं. म्हणून "एवढ्या एचपीला सपोर्ट" या वाक्याला काडीचा अर्थ नाही जोपर्यंत पुढे लिहिलेलं नसतं की किती हवेला किती प्रेशर ड्रॉप.

ट्यूनर_काका

वरचं गणित बरोबर आहे पण हिशोब एवढ्यावर संपत नाही. ईसीयू बूस्ट मोजतो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंटरकूलरच्या नंतर. त्यामुळे इंटरकूलरने दाब खाल्ला तर ईसीयू वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) आणखी बंद ठेवून टर्बोला जास्त पळवतो आणि मॅनिफोल्डमधला आकडा पूर्ण करतो. गेजवर तुला काहीच कळत नाही. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे, टर्बो जास्त फिरतो, हवा आणखी तापते, एक्झॉस्टमधला बॅकप्रेशर वाढतो. कंपनीचा छोटा टर्बो असेल तर वरच्या आरपीएमला तो आधीच धापा टाकत असतो, त्याला हे जास्त झेपत नाही.

याउलट थंड हवेमुळे नॉक कमी होतो आणि टायमिंग टिकतं, तो फायदा घनतेच्या ५ टक्क्यांत धरलेला नाही. गरम हवामानात ट्रॅकवर तोच मोठा असतो. तेव्हा माझ्या मते थोडासा ड्रॉप परवडतो. स्ट्रीट गाडीत पूर्ण लोडवर ०.०७ ते ०.१४ बारपर्यंत असेल तर मी काही बोलत नाही, त्याच्या वर गेला की विचारतो का.

लॉगमध्ये वेस्टगेट ड्युटी (वेस्टगेट किती बंद ठेवलाय त्याची टक्केवारी) पण घे रे बूस्टवेडा. इंटरकूलर बदलल्यावर तेवढ्याच बूस्टला ड्युटी वाढलेली दिसली तर समजायचं नवा कोअर हवा अडवतोय, वेगळे गेज लावायची पण गरज नाही.

बूस्टवेडा

बापरे, एका रात्रीत एवढं. निवांत, ऑईल बघितलं, ११० च्या आसपास राहतं, पेट्रोल ट्यूनमध्ये सांगितलेलंच भरतो.

मीटरवालींनी सांगितल्याप्रमाणे मॅनिफोल्डचं टेंपरेचर लॉग केलं. बाहेर ३३. हायवेला निवांत चालवताना ४२. तिसऱ्या गिअरची पहिली पुल केली तर शेवटी ५४. लगेच परत केली तर ६३, त्याच्यानंतर ७०. सिग्नलला उभा राहिलो आणि बघत बसलो, आकडा चढतच गेला, ६६ ला सिग्नल सुटला. निघाल्यावर खाली यायला चांगलाच वेळ लागला. टायमिंग गरम पुलमध्ये थंडपेक्षा ४ डिग्रीपर्यंत मागे गेलेलं दिसतंय.

मीटरवाली

वा, याला म्हणतात लॉग. आता रोग नक्की कळला. आणि सवय लावून घे, नुसतं "७० डिग्री" लिहायचं नाही, "बाहेरपेक्षा ३७ वर" असं लिहायचं. कुठलाही एअर टू एअर (वाऱ्याने निवणारा) इंटरकूलर बाहेरच्या हवेच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे थंडीत काढलेला नव्या पार्टचा लॉग आणि उन्हाळ्यात काढलेला जुन्याचा लॉग शेजारी ठेवून "२० डिग्रीचा फरक पडला" म्हणणारे परीक्षण दिसलं की पुढे सरकायचं.

तुझ्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. पुलमागून पुल चढत जाणं म्हणजे कोअरची ताकद कमी पडतेय. सिग्नलला चढणं म्हणजे हीट सोक, इंजिन खालून भाजतंय आणि वरून वारा नाही. पहिल्याचं औषध मोठा कोअर, दुसऱ्याचं औषध जागा.

लोखंडी

उशिरा आलो. मी फॅब्रिकेशनवाला, कोअर कापून आत बघितलेला माणूस, म्हणून थोडं त्यावर.

दोन जाती. ट्यूब अँड फिन, म्हणजे चपट्या नळ्या आणि मधे पातळ फिन, हलका, बाहेरची हवा आरामात आरपार जाते, पटकन तापतो आणि पटकन निवतो. बार अँड प्लेट, म्हणजे पट्ट्या आणि पत्रे थरावर थर रचून भट्टीत ब्रेझ केलेला, जड, दणकट, समोरून खडा लागला तरी सहसा फुटत नाही. आफ्टरमार्केटवाले बहुतेक बार अँड प्लेटच विकतात, कारण बनवायला सोपा, कुठल्याही मापात मिळतो.

वजनाचा फायदा काय ते आकड्यात सांगतो. २७०-३०० एचपीचं इंजिन सेकंदाला साधारण ०.२ किलो हवा पितं. ती ८० डिग्रीने थंड करायची म्हणजे १६ किलोवॅट उष्णता काढायची. वारा अजिबात नाही असं समजा, सगळी उष्णता ॲल्युमिनियमनेच गिळली, तर ५ किलोचा कोअर सेकंदाला साडेतीन डिग्रीने तापतो आणि १० किलोचा पावणेदोनने. ड्रॅगला (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीला), जिथे १०-१२ सेकंदात खेळ खल्लास, तिथे जड कोअर सोनं आहे. ट्रॅकवर मात्र अर्ध्या तासाचं सेशन असतं, तिथे वजनाची गंगाजळी पहिल्या लॅपलाच संपते, पुढे जेवढी उष्णता वाऱ्याला देशील तेवढीच जाईल. आणि एकदा तापला की जड कोअर निवायला पण वेळ लावतो. त्यामुळे ट्रॅकसाठी मी वजन नाही, समोरून वाऱ्याला दिसणारं क्षेत्रफळ बघतो.

जाडीचा मोह टाळा. ३ इंचाचा कोअर साडेचार इंच केला म्हणजे दीडपट गार, असं अजिबात नसतं. पंख्यासमोर एकामागे एक माणसं उभी केली तर मागच्याला पुढच्याच्या अंगावरून तापून आलेला वारा लागतो, तसंच ते. शिवाय जाड कोअरमधून वारा आरपार जायलाच तयार नसतो, बाजूने पळतो.

एंड टँक (कोअरच्या दोन टोकांचे डबे) बघा. पाइप जिथून आत येतो तिथून हवा सगळ्या नळ्यांत सारखी पसरली पाहिजे, टँक चपटा डबा असेल तर समोरच्या चार नळ्या सगळं काम करतात, बाकीच्या शोभेला. फोटोत टँकच्या आत वेल्डिंगचे थेंब लोंबताना दिसले तर घेऊ नका, ते सुटले तर कुठे जातील विचार करा.

चौथा_गिअर

जाडीबद्दल शंभर टक्के सहमत. पण लोखंडी, टॉप माउंटला क्षेत्रफळ वाढवायला जागाच कुठे आहे? बॉनेटच्या स्कूपच्या भोकाएवढाच वारा येणार, कोअर त्याच्यापेक्षा लांबरुंद केला तरी कडेचा भाग सावलीतच. तिथे नाइलाजाने सगळे जाडीच वाढवतात.

लोखंडी

बरोबर, म्हणून टॉप माउंटला मर्यादा आहेच. फक्त त्या मर्यादेपर्यंत लोक पोचतच नाहीत. बूस्टवेडा, एक काम कर, फुकटचं आहे. बॉनेट उघड, स्कूपच्या खाली जो प्लास्टिकचा डक्ट असतो त्याची फोमची कड बघ. इंटरकूलरवर नीट दाबून बसते का? जुन्या गाड्यांत हा फोम चपटा होतो, तुटतो, आणि स्कूपमधून आलेला वारा कोअरमधून खाली जायच्या ऐवजी कडेने इंजिन बेमध्ये सांडतो. कोअरच्या वरच्या बाजूला थोडी मऊ माती किंवा खडूची पूड लावून बॉनेट बंद कर आणि परत उघड, फोमवर ठसा जिथे उमटला नाही तिथे फट आहे.

आणि फिन बघ. त्या कोअरवर पानं, किडे, धूळ बसते. वाकलेल्या फिन, फिन कोंब म्हणजे बारीक कंगवा घेऊन एकेक सरळ कर, घाई केलीस तर फाटतात. प्रेशर वॉशर जवळ धरू नकोस, सगळं झोपवून टाकेल.

पाणचट

कोणीच पाण्याचं नाव काढलं नाही म्हणून मला यावं लागलं, आयडी सार्थ करायला 😄

एअर टू वॉटर का नाही? बीएमडब्ल्यूने एम३-एम४ च्या एस५५ इंजिनावर तेच केलं, फोक्सवॅगनच्या ईए२११ १.४ टीएसआयमध्ये तर वॉटर कूल्ड इंटरकूलर मॅनिफोल्डच्या आतच बसवलाय, पाइपिंग एवढंसं. पाण्याची उष्णता धरायची ताकद किलोमागे हवेच्या चौपट. सिग्नलला उभं राहिलं तरी पंप चालू, हीट सोक कमी.

ट्यूनर_काका

कंपनीने डिझाइन करून दिलेलं असेल तर उत्तम. आफ्टरमार्केटमध्ये बसवायचं म्हणजे पंप, पुढे वेगळा रेडिएटर, टाकी, वायरिंग, गळती, आणि पंप बंद पडला तर ड्रायव्हरला कळायची सोय. शेवटी पाण्याने घेतलेली उष्णता पुढच्या छोट्या रेडिएटरने वाऱ्यालाच द्यायची आहे ना, तो लहान असेल तर लांब सेशनमध्ये पाणी तापून बसतं आणि मग ते लवकर निवत पण नाही. याच्या गाडीत कंपनीचा एअर टू एअर असताना त्या वाटेला जायची मला काही गरज दिसत नाही.

पाणचट

मग स्प्रे तरी? सुबारूच्या जुन्या एसटीआय आणि मित्सुबिशीच्या इव्होला कंपनीनेच इंटरकूलरवर पाणी मारायचा स्प्रे दिला होता. एक किलो पाणी वाफ होताना २२५७ किलोज्यूल ओढून नेतं, लोखंडींच्या १६ किलोवॅटच्या हिशोबाने दोन मिनिटांहून जास्त वेळची पूर्ण उष्णता!

चौथा_गिअर

पाणी सगळंच्या सगळं कोअरवर वाफ झालं तर. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त थेंब वाऱ्याबरोबर उडून जातात. तरी स्वस्तातला उपाय आहे, नाही म्हणत नाही. फक्त ट्रॅक डेच्या आयोजकांना विचार आधी, तुझ्या गाडीतून ट्रॅकवर पाणी सांडलेलं कोणाला आवडणार नाही.

नवखी_ड्रायव्हर

वाचतेय, मजा येतेय. फ्रंट माउंटने लॅग (थ्रॉटल दाबल्यावर बूस्ट यायला होणारा उशीर) वाढतो म्हणतात ते खरं का? आणि एवढाच चांगला असेल तर सुबारूने पुढे का नाही लावला?

ट्यूनर_काका

लॅग वाढतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. २ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा ओढतं. मोठा कोअर आणि पाइप मिळून ५ लिटर जागा वाढली असं धरलं तर ती भरायला लागणारा जादा वेळ सेकंदाच्या काही दशांशातला. पायाला जाणवतो तो गिअर बदलताना आणि थ्रॉटल अर्धवट सोडून परत दाबताना. वळणावळणाच्या रस्त्यावर टॉप माउंटची गाडी जास्त तरतरीत वाटते हे मात्र मी मान्य करतो.

सुबारूचं म्हणाल तर बॉक्सर इंजिन बुटकं, वर सपाट जागा, पाइप आखूड, रिस्पॉन्स चांगला, पुढच्या धक्क्यात इंटरकूलर फुटायची भीती नाही, आणि रेडिएटरच्या समोर काही आडवं येत नाही. मित्सुबिशीने इव्होला पुढे लावला. पोर्शच्या ९११ टर्बोला तर इंजिनच मागे, म्हणून ९९६ ते ९९१ पिढ्यांत तो मागच्या फेंडरमध्ये होता, बाजूच्या खिडक्यांतून हवा घ्यायचा. १९७८ ला ९११ टर्बो ३.० वरून ३.३ लिटरची झाली तेव्हा पहिल्यांदा इंटरकूलर आला, मागच्या स्पॉयलरखाली, आणि पॉवर २६० वरून ३०० पीएस गेली. सगळी इंटरकूलरमुळे नाही अर्थात. जिथे वारा मिळेल तिथे लावायचा, एवढंच.

निवांत

फ्रंट माउंटबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. बंपरच्या मागे जी आडवी बीम असते ती क्रॅशसाठी असते, शोभेला नाही. बरीच किट्स बीम कापायला सांगतात किंवा स्वतःची बारीक बीम देतात, समोरचा फोम काढून टाकायला लावतात, हॉर्न हलवायला लावतात. पुढून ठोकली तर एअरबॅग कधी उघडायची हा हिशोब कंपनीने मूळ बीम धरून केलेला असतो. रोजची गाडी आहे, शेजारी घरचं माणूस बसतं. किट घ्यायचंच असेल तर बीम न कापता बसणारं शोध, नसेल तर हा विषय तिथेच सोड.

दुसरं, पुढे इंटरकूलर आला की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर त्याच्या मागे जातात. त्यांना तापलेला वारा. ट्रॅकवर इनटेक गार झाली आणि कूलंट उकळायला लागलं तर काय उपयोग?

लोखंडी

निवांत, हे मात्र लाख बोललास. बीम कापलेली गाडी माझ्याकडे आली की मी हात लावत नाही.

ट्यूनर_काका

आणि फ्रंट माउंट घातलास तर रीट्यून करावाच लागेल. एमएएफवाल्या गाडीत ईसीयू मोजतो फिल्टरजवळ, आणि मोजलेली हवा सिलेंडरपर्यंत पोचायच्या आधी एवढ्या लांबच्या पाइपमधून जाते, मधे कुठे गळली तर ईसीयूला पत्ताच नाही, तो मोजलेल्या हवेचं पेट्रोल टाकतो आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. त्याच जागी बसणारा टॉप माउंट असेल तर सहसा जुन्या मॅपवर (ट्यूनवर) चालवून लॉग काढता येतो, पण लॉग काढल्याशिवाय पूर्ण लोड देऊ नकोस.

हे पण ऐकून ठेव की नुसता इंटरकूलर टाकून डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) मोठा आकडा येईल ही अपेक्षा ठेवू नकोस. डायनोचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही, आणि पहिली थंड पुल जुन्या इंटरकूलरवर पण चांगलीच येते. फरक बघायचा तो चौथ्या-पाचव्या सलग पुलला.

बूस्टवेडा

अपडेट. लोखंडींनी सांगितल्याप्रमाणे बॉनेट उघडलं. फोमचा पुढचा डावा कोपरा पार चपटा झालाय, खडूचा ठसा तिथे अजिबात उमटला नाही, बोट आरामात आत जातं. कोअरच्या मागच्या भागात वाळक्या काड्या आणि किड्यांचा थर. सगळं साफ केलं, नवीन बंद पेशीचा फोम लावला, फिन कोंबने सरळ केल्या, पाठ मोडली.

परत तसाच लॉग, बाहेर ३२. पहिली पुल १८ वर, दुसरी २५ वर, तिसरी ३० वर. आधी तिसरी ३७ वर होती. सिग्नलचं मात्र जवळजवळ जैसे थे.

मीटरवाली

फुकटात ७ डिग्री! लोक एवढ्यासाठी अख्खा नवा कोअर घेतात.

सिग्नलचं बदलणार नाहीच, वारा नाही तर फोम काय करणार. पण खरं सांगू, निघाल्यावर रस्त्याचा वारा लागला की तो आकडा उतरतो, ट्रॅकवर सिग्नल नसतो. त्याच्यासाठी बीमशी खेळायची मला काही गरज वाटत नाही.

चौथा_गिअर

माझं मत: स्टेज १, कंपनीचा टर्बो, रोजचा वापर, तर बार अँड प्लेट टॉप माउंट, मध्यम जाडीचा, कंपनीच्याच डक्टला नीट बसणारा. ज्याच्याकडे प्रेशर ड्रॉपचा आकडा हवेच्या प्रवाहासकट लिहिलेला असेल त्याचा. पाउंड पर मिनिटमध्ये दिलेला असेल तर ढोबळमानाने १ पाउंड म्हणजे १० एचपी धर, तुझं काम २७ ते ३० मध्ये होतं. ४० पाउंडला जो ०.१ बार खातो तो तुझ्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास खाईल. मोठा टर्बो टाकायचा विचार असेल तरच फ्रंट माउंट, आणि तेव्हा सगळं एकदमच कर.

बूस्टवेडा

मोठा टर्बो नाही. ठरलं मग, टॉप माउंट. दोन पर्याय राहिलेत, एकाने ड्रॉपचा आकडा दिलाय, दुसऱ्याने नुसता एचपीचा. आकडावाला मागवतोय. काळा पावडर कोट केलेला मिळतो आणि साधा पण, काळा घेऊ का? दिसतो भारी.

लोखंडी

साधा घे. पातळ काळा रंग मारला तर काही बिघडत नाही, पण जाड पावडर कोट फिनवर बसला की मधल्या फटी बारीक होतात आणि वर एक पांघरूण. दिसण्यासाठी टँक काळे कर, कोअर नको.

बसवताना: जुना काढल्यावर आत बोट फिरवून बघ, तेलाची पातळ फिल्म असेल तर नॉर्मल आहे, पीसीव्हीमधून (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येते. ओघळ निघाला तर टर्बोचा सील किंवा पीसीव्ही बघावा लागेल, नवा कोअर त्याच्यावर लावू नकोस. सिलिकॉन कपलरच्या आत आणि पाइपच्या बाहेर तेलाचा अंश ठेवू नकोस, ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं कर, बूस्टखाली तेलकट कपलर सटकतो आणि सटकतो तो बरोबर भर वेगात. पाइपच्या टोकाला बीड म्हणजे उंचवटा आहे ना बघ, क्लॅम्प बीडच्या आतल्या बाजूला, टी-बोल्टचा.

मीटरवाली

आणि पूर्ण लोड द्यायच्या आधी लीक टेस्ट. टर्बोच्या तोंडाला कॅप लावून कंप्रेसरने हळूहळू दाब भरायचा, रेग्युलेटर लावून, तू चालवतोस तेवढ्या बूस्टपर्यंतच. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. थ्रॉटलच्या कपलरच्या खालच्या बाजूला आरसा धरून बघ, बुडबुडे नेमके तिथे दिसत नाहीत आणि तिथेच येतात. बायपास व्हॉल्व्हची (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) गॅस्केट नव्या इंटरकूलरवर नवीनच टाक.

बूस्टवेडा

नोंद केली. रेग्युलेटर मित्राकडे आहे. ट्यूनर काका, लॉग तुम्हाला कसा पाठवू, तिसऱ्या गिअरचा चालेल?

ट्यूनर_काका

चौथ्याचा दे, तिसरा लवकर संपतो. रस्त्यावर नको, ट्रॅकवर काढ. २५०० पासून रेडलाइनपर्यंत, मधे पाय न उचलता, लागोपाठ तीन. बूस्ट, टायमिंग, नॉक करेक्शन, मॅनिफोल्ड टेंपरेचर, वेस्टगेट ड्युटी, एअर फ्युएल रेशो, एमएएफ. बाहेरचं तापमान वर लिहून पाठव. आणि जुना इंटरकूलर विकू नकोस इतक्यात, लॉग बघेपर्यंत ठेव.